राजयक्ष्मा आणि दहा बाय बाराची खोली

दिवाळीच्या अंकात रोगाची कथा सहसा कुणी सांगत नाही. समोर फराळाचे ताट असावे, अंगणात मुलांच्या हाती फुलबाज्या असाव्यात, आणि अशा वेळी क्षयाचे नाव काढावे हे शुभ नव्हे, असे आमच्या घरातही मत पडले. तरी मी हा विषय काढतो आहे. कारण दिवाळी आली की मला पहिली आठवण होते ती आमच्या काकांच्या आकाशकंदिलाची, आणि त्या कंदिलामागोमाग त्यांचा खोकला आठवल्यावाचून राहत नाही.

घाटकोपरला डोंगराच्या उतारावरच्या एका चाळीत आमची दहा बाय बाराची खोली होती. तीत आम्ही सहा माणसे राहत होतो. काका वडिलांचे धाकटे भाऊ, अविवाहित, एका लहानशा वर्कशॉपात लेथवर काम करणारे. दसरा झाला की ते बांबूच्या कामट्या तासायला बसत. आई खळ शिजवून देई, मी पतंगाचा कागद कापून देई. १९८८ च्या दिवाळीत कंदील बांधताना ते सारखे थांबत होते. कामटी खाली ठेवीत, तोंडावर पंचा धरीत आणि भिंतीकडे वळून खोकत. त्याच महिन्यात आईने त्यांचा कप वेगळा केला. निळ्या काठाचा तो कप मोरीजवळच्या कोनाड्यात एकटा असे. दुखण्याचे नाव घरात कुणी उच्चारीत नसे. कुणी विचारले तर "छातीचे दुखणे आहे" एवढेच सांगावयाचे, अशी आम्हा मुलांना ताकीद होती.

पुढे मी मास्तर झालो, कादंबरीकारही झालो. माझे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही आणि विज्ञानाचा मी विद्यार्थी नव्हे. माझ्या पहिल्या कादंबरीत मी नायिकेला क्षयाने मारले. गाल फिके, डोळे मोठे, रुमालावर रक्ताचा एक थेंब, असे ते मरण मी मोठ्या हौसेने रंगवले होते. काकांचे मरण डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने असे लिहावे, याची मला नंतर लाज वाटली. त्या लाजेपोटीच मी या रोगाचा इतिहास वाचावयास घेतला. त्यातून जे हाती लागले ते आज सांगतो.

आपल्या पूर्वजांनी या रोगाला राजयक्ष्मा म्हटले. चरकसंहितेत त्याची कथा आहे. चंद्राला दक्षाच्या कन्या दिलेल्या, पण त्याचे मन एकट्या रोहिणीवर. दक्ष कोपला आणि चंद्र दिवसेंदिवस झिजू लागला. पुढे अश्विनीकुमारांनी त्याला बरे केले. आपण दिवे लावतो ती अमावास्येची रात्र म्हणजे त्या झिजलेल्या चंद्राचीच रात्र. या कथेत निरीक्षण अचूक आहे, कारण माणूस या रोगात खरोखरच चंद्रकोरीसारखा उतरत जातो. पण तिने एक गोष्ट आपल्या मनात खोल रुजवली, ती म्हणजे हा रोग कुणाच्या तरी दोषाची शिक्षा आहे. आमच्या कोनाड्यातला तो वेगळा कप त्याच समजुतीतून आलेला होता.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी जाहीर केले की, क्षय हा शाप नाही, आनुवंशिक दोषही नाही. तो एका काडीसारख्या जंतूमुळे होतो. पुढल्याच वर्षी आपल्या कल्याणची एक मुलगी डॉक्टर होण्यासाठी बोटीने अमेरिकेला निघाली. आनंदीबाई जोशी त्या वेळी अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या, कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची नेमणूक घेऊन परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. बावीसावे वर्षही पुरे झाले नव्हते. शत्रूचे नाव कळून पाच वर्षे झाली होती, पण त्याला मारील असे शस्त्र जगात कुणापाशीच नव्हते. ते मिळण्यास आणखी सहा दशके जावी लागली.

मधल्या काळात डॉक्टरांच्या हाती मुख्य उपाय होता, तो म्हणजे हवापालट. ज्यांना परवडे ते पाचगणीला जात. तिथे डॉ. बिलिमोरियांचे आरोग्यधाम होते. दक्षिणेकडची मंडळी मिरजेजवळ वानलेसवाडीला जात. मोकळी हवा, दूध, अंडी आणि सक्तीची विश्रांती, हाच तिथला मुख्य उपचार. आणि मौज अशी की, ज्या उपनगरांत आज आपण राहतो तीही एके काळी हवापालटाचीच ठिकाणे होती. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा शहरातल्या कोंदट वस्त्यांतून ज्यांना शक्य होते त्यांनी साष्टीच्या मोकळ्या गावांकडे धाव घेतली. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या गावी तेव्हा भातशेते होती, ताडमाडांची बने होती, विहिरीचे पाणी होते. अंधेरी-घाटकोपर १९५० साली आणि बोरिवली-मुलुंड १९५७ साली मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली. गिरण्या, कारखाने आणि फाळणीनंतरचे निर्वासित यांच्यामागोमाग माणसांचा लोंढा आला आणि हवा बदलण्याच्या या गावांत हवाच उरली नाही. जिला ओढा, उतार, खाजण म्हणत त्या प्रत्येक जागी खोली उभी राहिली. आमची खोली त्यांतलीच एक.

औषधाचा शोध लागला तो १९४३ साली, अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात. सेल्मन वॅक्समन यांच्या हाताखाली अल्बर्ट शाट्झ नावाचा तेवीस वर्षांचा विद्यार्थी तळघरातल्या प्रयोगशाळेत मातीतले सूक्ष्म जीव तपासत होता. त्यांतल्या एकापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. ज्या मातीत क्षयाने मेलेली माणसे पुरली त्याच मातीत त्याचे औषध निघावे, हे एखाद्या पुराणात शोभावे असेच आहे.

युद्धानंतर ब्रिटनमध्ये या औषधाची पद्धतशीर परीक्षा झाली. तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ रोग्यांपैकी ४ दगावले, आणि केवळ अंथरुणात विश्रांती दिलेल्या ५२ पैकी १४ दगावले. जगाने आनंदाने टाळ्या वाजवल्या. पण त्याच अहवालात एक काळी रेघ होती. सुरुवातीला सुधारलेल्या पुष्कळ रोग्यांची प्रकृती काही महिन्यांनी पुन्हा ढासळली. त्यांच्या थुंकीतले जंतू तपासले तेव्हा ते स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झालेले आढळले. पाच वर्षांनी दोन्ही गटांतल्या मृत्यूंत फारसे अंतर उरले नाही. औषध आणि औषधाला न जुमानणारा जंतू, असे हे दोघे जवळजवळ जुळेच जन्मले.

असे का होते? माझ्यासारख्या शाळामास्तराला ते गणिताने कळले. फुप्फुसात पोकळी पडली की तिच्यात दहा कोटींच्या घरात जंतू असू शकतात. औषध पोटात जाण्यापूर्वीच त्यांच्यात काही जन्मतः वेगळे असतात. आयसोनियाझिड या औषधाला दाद न देणारा जंतू दहा लाखांत एक, असा ठोकळ हिशेब आहे. म्हणजे दहा कोटींत शंभर. एकटे ते औषध दिले तर बाकीचे सारे मरतात, रोग्याला हुशारी वाटते, आणि ते शंभर रिकाम्या रानात वाढू लागतात. रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. आता दोन्ही औषधे एकदम दिली तर दोहोंतून निसटणारा जंतू हवा. त्यासाठी दहा लाखांना दहा कोटींनी गुणावे लागते. एक कोटीला एक कोटीने गुणल्यावर येणारी ती संख्या आहे. एवढे जंतू माणसाच्या छातीत मावत नाहीत. सारे रहस्य या गुणाकारात आहे. औषधे जोडीने द्यावयाची, पुऱ्या मात्रेत द्यावयाची आणि शेवटपर्यंत द्यावयाची. शेवटपर्यंत अशासाठी की हा जंतू फार सावकाश वाढतो. पोटातले साधे जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात, याला जवळजवळ एक दिवस लागतो. आणि झोपी गेलेल्या जंतूवर औषध फारसे चालत नाही.

ही युक्ती डॉक्टरांना १९५० च्या सुमारासच उमगली होती. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले तेव्हा न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयातले मरणोन्मुख रोगी उठून नाचू लागल्याची छायाचित्रे जगभर छापून आली. १९५४ साली आपल्या पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला. तिथे प्रथम पेनिसिलिन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिनही होऊ लागले. १९५६ मध्ये मद्रासला एक संशोधन केंद्र निघाले आणि १९५९ मध्ये त्याने जगाला थक्क करणारा निष्कर्ष दिला. झोपडीत, दाटीत, निकृष्ट अन्नावर राहणाऱ्या रोग्यानेही औषधे नियमाने घेतली, तर तो आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो. आणि घरातल्या माणसांना त्यामुळे अधिक धोका होत नाही. पाचगणीची हवा ज्याला परवडत नव्हती अशा गरिबाला हा केवढा दिलासा! मात्र त्यात एक अट होती. औषध रोज, वर्षभर, न चुकता पोटात गेले पाहिजे.

आता पुन्हा आमच्या खोलीकडे येतो.

काकांना रोज इंजेक्शन आणि गोळ्या होत्या. गोळ्या आणण्याचे काम माझ्याकडे होते. दर शनिवारी शाळा सुटली की चिठ्ठी घेऊन दवाखान्यासमोरच्या रांगेत मी तासभर उभा राही. तीन महिन्यांत काकांचा ताप गेला, वजन वाढले, ते कामावर जाऊ लागले. इंजेक्शनासाठी रोज उशिरा येणारा कामगार मालकाला नको होता. एका शुक्रवारी रात्री ते मला म्हणाले, "उद्यापासून नको रे जाऊस. मला आता बरे वाटते." मला आनंद झाला. शनिवारची दुपार खेळायला मोकळी झाली. घरात कुणी हरकत घेतली नाही, कारण घरात कुणी या दुखण्याविषयी बोलतच नव्हते.

दीड वर्षाने ताप परतला. मग एक डॉक्टर झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. प्रत्येकाने आधीच्या चिठ्ठीत एखादी गोळी वाढवून दिली. १९९१ च्या पावसाळ्यात काका गेले. तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. आकाशकंदिलाच्या कामट्या माळ्यावर तशाच राहिल्या.

बरीच वर्षे मी मनाशी म्हणत होतो की, काकांनी औषध सोडले म्हणून ते गेले. पुढे एक जुना अहवाल वाचनात आला आणि माझा हा निवाडा डळमळला. काका गेले त्याच साली, १९९१ मध्ये, डॉ. मुकुंद उपळेकर आणि त्यांचे एक सहकारी यांनी धारावीतल्या १०० खाजगी डॉक्टरांना विचारले होते की, क्षयरोग्याला तुम्ही काय औषध लिहून द्याल? शंभर डॉक्टरांनी ८० वेगवेगळ्या तऱ्हा सांगितल्या. वीस वर्षांनी, २०१० साली, डॉ. झरीर उडवाडिया यांनी तिथेच पुन्हा तोच प्रश्न विचारला. १०६ डॉक्टरांकडून ६३ तऱ्हेच्या चिठ्ठ्या मिळाल्या. बरोबर चिठ्ठी लिहिणारे निघाले फक्त ६. माझ्या वर्गात शंभर मुलांनी एका बेरजेची ऐंशी उत्तरे काढली, तर मी मुलांना छड्या मारणार नाही; फळ्यावर काय शिकवले गेले ते आधी पाहीन.

मग जे व्हावयाचे ते झाले. २०११ च्या डिसेंबरात माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातून डॉ. उडवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटासा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणारा क्षय झालेले चार रोगी त्यांच्यापाशी आले होते. त्यांपैकी तिघे दीड वर्षात सरासरी चार-चार डॉक्टरांकडे फिरले होते. राखून ठेवावयाची कडक औषधे त्यांना एकेक करून, बहुधा चुकीच्या प्रमाणात मिळाली होती. म्हणजे माझ्या गणितातली ती शंभरांची टोळी दर वेळी एकेका नव्या औषधाशी झुंजून अधिक तरबेज होत गेली. इटली आणि इराणमधून अशा रोग्यांच्या बातम्या आधी आल्या होत्या, पण मुंबईचे नाव येताच देशात गहजब झाला. 'संपूर्ण प्रतिकारी' या शब्दाला सरकारने आक्षेप घेतला. जागतिक आरोग्य संघटनेनेही हा शब्द अजून वापरू नये असे मत दिले. शब्दावर वाद झाला तरी रोगी होतेच. त्या वादळाचा एक चांगला परिणाम असा की, मे २०१२ पासून प्रत्येक क्षयरोग्याची नोंद सरकारकडे करणे डॉक्टरांवर बंधनकारक झाले.

याहून मला अस्वस्थ करणारी गोष्ट पुढेच आहे. असा तरबेज जंतू एकाच्या छातीत तयार झाला की तो खोकल्याबरोबर हवेत येतो आणि शेजाऱ्याच्या छातीत तयारच शिरतो. ज्याने आयुष्यात औषधाची एक गोळीही चुकवली नाही, त्यालाही मग पहिल्याच दिवसापासून औषधे लागू पडत नाहीत. गोवंडी, मानखुर्द, चेंबूर या भागांत झोपडीवासीयांसाठी ज्या पुनर्वसन वसाहती बांधल्या, त्यांपैकी काहींत दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर आहे. तिथे २०१८ च्या सुमारास झालेल्या पाहणीत असे दिसले की, ज्या खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचत नाही तिथे क्षय अधिक. शंभर वर्षांपूर्वी लोक ज्या साष्टीत हवेसाठी आले, तिथे आज माणसाला पक्के घर मिळते पण खिडकीतून समोरची भिंत दिसते. मग नेमका दोष कुणाचा म्हणावयाचा?

आणि बरे होण्याची किंमत? वर्षानुवर्षे या हट्टी क्षयावर महिनोन् महिने इंजेक्शने देत, आणि त्यांतली काही माणसाचे कान कायमचे नेत. मुंबईची नंदिता वेंकटेसन ही तरुण मुलगी २०१३ साली अशीच अकस्मात बहिरी झाली. क्षय तिला दुसऱ्यांदा झाला होता. ती रडत बसली नाही. बेडाक्विलिन नावाचे नवे औषध निघाले होते. त्यामुळे त्या इंजेक्शनांची गरज टळत होती, पण त्याच्या पेटंटची मुदत वाढवून घेण्याचा कंपनीचा प्रयत्न होता. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले हिचेही कान याच उपचारांत गेले होते. दोघींनी मिळून २०१९ साली भारताच्या पेटंट कार्यालयात हरकत घेतली. २३ मार्च २०२३ रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि स्वस्त औषध बनवण्याचा मार्ग मोकळा झाला. कॉख यांच्या घोषणेला दुसऱ्या दिवशी एकशे एक्केचाळीस वर्षे पुरी होत होती. ज्या दोघींचे कान गेले होते त्यांनी जगाला ऐकावयास लावले.

आज या हट्टी क्षयावरही चार औषधांचा, तोंडाने घ्यावयाचा सहा महिन्यांचा उपचार आहे. २०२४ साली भारत सरकारने त्यास मान्यता दिली. जंतू हट्टी आहे की नाही हे सांगणारे यंत्र दोनेक तासांत उत्तर देते. पूर्वी आठवडेच्या आठवडे जात. औषधे सरकारी केंद्रात फुकट मिळतात. आहारासाठी महिन्याला पाचशे रुपये मिळत, ते २०२४ च्या नोव्हेंबरापासून हजार झाले. तरीही २०२५ सालापर्यंत क्षय संपवण्याचा देशाचा संकल्प पुरा झाला नाही. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्याच देशात आहेत.

वाचकांपैकी कुणी म्हणेल, आमच्या घरात क्षय नाही, आम्हाला काय त्याचे? त्यांना माझी विनंती आहे की दिवाळीची साफसफाई करताना कपाटातला औषधांचा डबा एकदा उघडून पाहावा. तापाच्या, घशाच्या, जुलाबाच्या उरलेल्या कॅप्सुली त्यात निघतील. दोन घेतल्या, बरे वाटले, बाकीच्या ठेवल्या. पुढल्या खेपेस त्याच पडशावर शेजारणीला दिल्या. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक घेतानाच बजावले होते की, अपुरे औषध जंतूला मारत नाही, शहाणे करते. काकांच्या कोनाड्यात जे घडले तेच या डब्यात लहान प्रमाणात घडत असते.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत डबा घेऊन वेगळी बसू लागली. चारदा विचारल्यावर म्हणाली, "सर, आईला टी. बी. झालाय. कुणाला सांगू नका. मी पण कुणाच्या डब्याला हात लावत नाही." मी तिला सांगितले की, हा रोग डब्याने किंवा कपाने पसरत नाही, हवेने पसरतो. घराची खिडकी उघडी ठेव, आईची एकही गोळी चुकू देऊ नको, आणि तुझीही एकदा तपासणी करून घे. योग्य औषध लागू पडले की काही आठवड्यांत आईपासूनचा धोकाही ओसरतो. मग मला राहवले नाही. वर्गात त्या मुलीचे नाव न घेता मी सगळ्या मुलांना आमच्या काकांची गोष्ट सांगितली. शनिवारच्या रांगेची आणि ती रांग सुटल्याच्या माझ्या आनंदाचीसुद्धा. ती मुलगी दुसऱ्या दिवशी मैत्रिणींत जाऊन बसली. यंदाच्या उन्हाळ्यात तिच्या आईचा औषधोपचार पुरा झाला.

हा लेख छापावयास देण्यापूर्वी मी आईला विचारले. ती आता ऐंशीच्या घरात आहे. आमच्या घराण्यात टी. बी. हा शब्द कुणी कधी मोठ्याने उच्चारलेला नाही, तो आज छापून येणार. तिला दुःख होईल अशी मला धास्ती होती. करंज्यांना मुरड घालता घालता तिने सारे ऐकून घेतले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "लिही. कप मीच वेगळा ठेवला होता, तेही लिही."

म्हणून तेही लिहिले.